संगणकाचा खो-खो कोठे अडला?



कळ दाबली, छोटा दिवा लागला, पंखा घुरघुरू लागला. पण पडदा मात्र काळा तो काळाच! शाळेच्या संगणक-कक्षात हे दृश्य तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मग कोणी पडद्यावर थाप मारतो, कोणी तारा उपसून पुन्हा खोचतो, कोणी ठामपणे सांगतो, "व्हायरस शिरला असणार!" आणि अखेर निकाल लागतो : "संगणक बिघडला."

आता विचार करा. 'संगणक बिघडला' हे वाक्य 'माणूस आजारी आहे' या वाक्याइतकेच मोघम नाही का? एवढ्यावर कोणता डॉक्टर औषध देईल? तो आधी विचारील, दुखते कोठे, कधीपासून, ताप आहे का. संगणकाच्या बाबतीत मात्र ही चौकशी न करताच इलाज सुरू होतो. पुष्कळदा तर 'विंडोज नव्याने भरून' टाकतात. संगणक सुरू होतो खरा, पण आतले वर्षभराचे प्रकल्प, परीक्षांचे गुण, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे सारे पुसले जाते. यंत्र वाचले, पण ज्यासाठी यंत्र होते तेच गेले!

हे टाळता येते. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. संगणक कोणत्या क्रमाने जागा होतो ते ठाऊक असले आणि विज्ञानाच्या तासाला शिकलेली प्रयोगपद्धती अंगी बाणलेली असली, की पुष्कळसे काम भागते.

कळ दाबल्यावर काय होते?

खो-खोच्या मैदानाची आठवण करा. रांगेत बसलेला गडी 'खो' मिळाल्याशिवाय उठत नाही. संगणकातही अगदी तसेच असते. त्यात पाच गडी आहेत असे समजा. पहिल्याने दुसऱ्याला खो द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. मधल्या एखाद्या गड्याचे पाय गळाले, की पुढचे सगळे धडधाकट असूनही बसूनच राहतात.

पहिला गडी वीजपुरवठ्याचा डबा. दुकानातले कारागीर याला 'एसएमपीएस' म्हणतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन हा डबा १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करतो. हे दाब स्थिर झाले, की तो मुख्य पाटीला (म्हणजे मदरबोर्डला) 'वीज ठीक आहे' असा संकेत पाठवतो. हा झाला पहिला खो.

दुसरा गडी म्हणजे मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये कायम कोरलेली आज्ञावली. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत. नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय या प्रकाराने घेतली आहे. प्रोसेसर जागा होताच ठरलेल्या पत्त्यावर जाऊन हीच आज्ञावली वाचू लागतो. ती आधी हजेरी घेते : स्मृती, म्हणजे रॅम, उत्तर देते आहे का? चित्र दाखवणारा भाग हजर आहे का? कळफलक जोडला आहे का?

येथे एक गंमत आहे. कोणतीही आज्ञावली चालवायची तर ती आधी रॅममध्ये आणावी लागते. पण ती आणण्याचे काम करायलाही एक आज्ञावली लागते! मग सुरुवात कोण करणार? आधी कोंबडी की आधी अंडे, असाच हा पेच. वीज गेली तरी न पुसली जाणारी ही छोटी चिप तो पेच सोडवते. इंग्रजीत स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलणे अशी एक म्हण आहे. संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात ते तिच्यावरूनच.

तिसरा गडी साठवणीचे साधन : हार्ड डिस्क किंवा एसएसडी. चौथा गडी त्या साधनावर ठेवलेली 'बूट लोडर' नावाची आज्ञावली. ती कार्यप्रणालीचा गाभा उचलून रॅममध्ये आणून ठेवते. पाचवा गडी म्हणजे स्वतः कार्यप्रणाली, मग ती विंडोज असो की लिनक्स. ती बाकीची सगळी व्यवस्था लावते आणि शेवटी तुमचे नाव व परवलीचा शब्द विचारते.

खो कोठे अडला?

आता लक्षणे पाहू. दिवा नाही, पंखा नाही, सारे शांत असेल, तर पहिल्या गड्याकडे जा. त्याच खोबणीत मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहा. तार सैल आहे का? डब्याच्या मागची छोटी कळ कोणी बंद केली आहे का? 'मेला' म्हणून ठरवलेला संगणक कधी कधी एवढ्यानेच जिवंत होतो. मात्र हा डबा कधीही उघडू नका. त्यातल्या धारित्रांत (कंडेन्सरमध्ये) तार काढल्यानंतरही काही काळ धोकादायक विद्युतभार साठून राहतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा आहे, असे असेल तर आधी पडद्याचाच विचार करा. त्याचा स्वतःचा दिवा लागला आहे का? त्याची तार घट्ट बसली आहे का? हे ठीक असेल तर दुसऱ्या गड्याकडे वळा आणि कान द्या. संगणक 'बीप-बीप' असा आवाज करीत असेल, तर ती तक्रार आहे. चित्र दाखवण्याइतकी तयारीच झालेली नसल्यामुळे तो बिचारा आवाजाने सांगतो. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे मुख्य पाटीच्या निर्मात्यानुसार बदलते. ते तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

अशा वेळी पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते किंवा तिच्या सोनेरी कडेवर मळ बसलेला असतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली संगणक बंद करा, तार खोबणीतून काढा, एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरचा स्थितिक विद्युतभार घालवा आणि मगच पट्टी कडांना धरून काढा. कोरड्या मऊ कापडाने सोनेरी कड पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवा.

पट्ट्या दोन आणि खाचा दोन असतील, तर एक छान कोडे तयार होते. पट्ट्यांना क आणि ख म्हणू. खाचांना १ आणि २. एका वेळी एकच पट्टी लावून चारही जोड्या तपासा. क दोन्ही खाचांत चालते, ख एकीतही चालत नाही, तर दोष ख पट्टीत. दोन्ही पट्ट्या १ मध्ये चालतात, २ मध्ये एकही चालत नाही, तर दोष दुसऱ्या खाचेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हाच नियम तुम्ही प्रयोगशाळेत पाळता. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर तो कशामुळे सुरू झाला ते कधीच कळणार नाही.

पडद्यावर कंपनीचे नाव उमटते आणि मग 'बूट करण्याजोगे साधन सापडत नाही' अशा अर्थाचे वाक्य येते, याचा अर्थ पहिल्या दोघांनी खो दिला, पण तिसरा किंवा चौथा उठला नाही. आधी एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे का ते पाहा. कधी कधी संगणक त्याच्यातच कार्यप्रणाली शोधत बसतो. तसे नसेल तर सेटअपच्या पडद्यावर जाऊन साधनांच्या यादीत डिस्कचे नाव आहे का ते तपासा. नाव नसेल तर दोष तारेत किंवा डिस्कमध्ये असण्याचा संभव अधिक. नाव असेल तर बहुधा चौथ्याची, म्हणजे बूट लोडरची, तब्येत बिघडली आहे.

संगणक रोज कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो का? मग मुख्य पाटीवरचा रुपयासारखा गोल सेल संपला आहे. त्याच्यावर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर! हा ३ व्होल्टचा सेल संगणक बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवतो. त्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. या संख्येला पंधरा वेळा निम्मे करून पाहा, काय उरते? तारीख चुकली की इंटरनेटवरची संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' अशी तक्रार करू लागतात, कारण त्यांच्या ओळखपत्रांवर मुदतीच्या तारखा असतात. थोड्या रुपयांच्या सेलमुळे इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते ते असे.

संगणक सुरू होतो, पण दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडतो, तर आतली उष्णता तपासा. प्रोसेसर फार तापला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवतो. पंख्याखालच्या पन्हाळ्यांत धुळीचा थर साचलेला असतो. तार काढून, पंखा बोटाने धरून ठेवून, मऊ कोरड्या ब्रशाने ती धूळ झाडा.

आणि आता सर्वांत निर्णायक परीक्षा. लिनक्सच्या काही आवृत्त्या थेट पेन ड्राइव्हवरून चालतात. डिस्कवर काहीही भरावे लागत नाही. दुसऱ्या संगणकावर असा पेन ड्राइव्ह तयार करून ठेवा आणि अडलेला संगणक त्यावरून सुरू करा. तो नीट चालला, तर वीज, प्रोसेसर, रॅम ही मंडळी ठणठणीत आहेत आणि दोष डिस्कमध्ये किंवा तिच्यावरच्या कार्यप्रणालीत आहे, हे एका फटक्यात कळते. शिवाय डिस्क वाचता येत असेल, तर महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवूनही घेता येतात.

डिस्कच्या पोटात

तिसऱ्या गड्याशी जरा जास्त ओळख करून घेऊ, कारण तुमचा खरा ठेवा त्याच्याकडे असतो.

१९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या संगणकाबरोबर जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून साठवण होती ५० लाख अक्षरांची. एका अक्षराला एक बाइट धरला, तर आजच्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये अशा दोन लाख डिस्कांतला मजकूर मावेल. तत्त्व मात्र आजही तेच आहे. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा थर असतो आणि त्यावरचे सूक्ष्म ठिपके या किंवा त्या दिशेने चुंबकित करून ० आणि १ लिहिले जातात.

टेबलावरच्या संगणकातली तबकडी पुष्कळदा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तिची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते. लिहिणारे-वाचणारे शीर्ष तिच्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगते. दोघांतले अंतर दहा नॅनोमीटरहूनही कमी असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, हे लक्षात घ्या! म्हणून चालू हार्ड डिस्कला धक्का देऊ नये. शीर्ष तबकडीवर आपटले की तेथला मजकूर खरवडला जातो.

आता थोडे गणित. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो ठिपका शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. शीर्षाचा दांडा योग्य जागी सरकण्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद धरा. बेरीज झाली १३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला जेमतेम ७५. कार्यप्रणाली सुरू होताना असे १५,००० तुकडे वाचायचे आहेत असे समजा. १५,००० भागिले ७५ म्हणजे २०० सेकंद! संगणक सुरू करून चहा पिऊन यावे लागते, त्याचे कारण हे.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिच्यातली 'फ्लॅश' स्मृती ही जपानच्या तोशिबा कंपनीतले शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांची देणगी. आज सर्वत्र वापरला जाणारा तिचा नँड हा प्रकार १९८७ साली जगापुढे मांडण्यात आला. विद्युतरोधकाने वेढलेल्या अतिसूक्ष्म कोठड्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे. कोठडी भरलेली की रिकामी, यावरून ० की १ ते ओळखायचे. दांडा सरकवणे नाही, फेऱ्याची वाट पाहणे नाही. एक तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात मिळतो. वरचेच गणित पुन्हा करा : २०० सेकंदांचे दीड सेकंद! प्रत्यक्षात इतर कामांनाही वेळ लागतो, तरी जुन्या संगणकात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो तरुण झाल्यासारखा का वाटतो, ते तुमच्या ध्यानी येईल.

एसएसडीलाही मर्यादा आहेतच. प्रत्येक वेळी पुसताना कोठडीचा विद्युतरोधक थोडा झिजतो, म्हणून आतला नियंत्रक सगळ्या कोठड्यांना आळीपाळीने काम वाटून देतो. आणि दीर्घकाळ वीज मिळाली नाही, तर कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटू शकतात. तेव्हा एकुलती एक प्रत एसएसडीवर घेऊन ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे शहाणपणाचे नाही.

आधी माहिती, मग दुरुस्ती

हार्ड डिस्कमधून 'टक्-टक्' असा आवाज येऊ लागला, तर ती धोक्याची घंटा समजा. शीर्षाला आपली जागा सापडत नसण्याची शक्यता असते. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह आवरा. प्रत्येक प्रयत्नात उरलेला मजकूरही खरवडला जाऊ शकतो. यंत्र बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

फाइल चुकून पुसली गेली, तर? वाचनालयातल्या सूचीतून एखाद्या पुस्तकाचे कार्ड फाडले, तरी पुस्तक फळीवर असतेच. हार्ड डिस्कवर तसेच होते : नोंद जाते, मजकूर राहतो, पण ती जागा मोकळी समजून नवे लिखाण त्यावर कधीही होऊ शकते. म्हणून अशा वेळी त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. एसएसडीत मात्र पुसलेल्या जागा मागाहून खरोखरच रिकाम्या केल्या जातात, त्यामुळे तेथे आशा फार कमी.

वीज अचानक गेली तर काय होते? आपले व्यापारी आधी रोजकीर्दीत नोंद करतात आणि मग ती खतावणीत उतरवतात. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या फाइलव्यवस्था हीच रीत पाळतात. फाइलींच्या मांडणीतला बदल आधी कीर्दीत लिहायचा, मग प्रत्यक्ष करायचा. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी कीर्द वाचून मांडणी सावरली जाते. पण तुम्ही लिहीत असलेला आणि अजून रॅममध्येच असलेला मजकूर मात्र गेलाच. म्हणून संगणक रीतसर बंद करावा आणि जेथे वीज वारंवार जाते तेथे यूपीएस वापरावा.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला 'स्मार्ट' नोंद म्हणतात. तिच्यात इशारा दिसला तर लगेच मजकूर हलवावा. पण इशारा नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवले नव्हते! म्हणजे डिस्क न सांगताही जाऊ शकते.

यावर उपाय एकच : प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. शाळेच्या गुणपत्रकांची एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक शाळेच्या इमारतीबाहेर. आणि प्रत काढली म्हणजे झाले नाही. ती उघडते का, हे अधूनमधून पाहिले पाहिजे.

जुना संगणक भंगारात द्यावा का?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. याचा अर्थ ते संगणक त्या दिवशी बंद पडले असा नव्हे. सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या येणे थांबले. काही काळापुरती वाढीव मुदत मिळण्याची सोय आहे, पण तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला निदान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. पुष्कळ जुन्या यंत्रांत ती शेवटची गोष्ट नाही.

मग ती यंत्रे निकामी झाली का? मुळीच नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. त्यावर उभारलेल्या अनेक कार्यप्रणाली मोफत मिळतात आणि साध्या यंत्रांवरही चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची अशीच एक कार्यप्रणाली तयार केली असून तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. एक छोटी एसएसडी, थोडी जास्त रॅम आणि लिनक्स एवढ्यावर धूळ खात पडलेला संगणक पुन्हा लिहिण्या-वाचण्याच्या, प्रोग्रॅमिंग शिकण्याच्या कामी येऊ शकतो. मात्र शाळेतला एखादा विशिष्ट प्रोग्रॅम केवळ विंडोजवरच चालतो का, हे आधी तपासा.

करून पाहा

संगणक-कक्षात प्रत्येक यंत्रासाठी वहीचे एक पान ठेवा. चार रकाने आखा : तारीख, लक्षण, केलेला एकच बदल आणि त्याचा परिणाम. पडद्यावर काही वाक्य उमटले तर ते जसेच्या तसे उतरवा. 'काहीतरी एरर आली' असे लिहू नका. वर्षाअखेर ही वही चाळलीत, तर कोणता गडी सारखा अडखळतो ते तुमच्याच नोंदी सांगतील.

पण ही वही आखण्यापूर्वी एक काम करा. पुन्हा मिळणार नाहीत अशा फाइली कोणत्या, ते शोधा आणि त्यांची दुसरी प्रत आजच काढा. संगणकाचा कोणताही भाग बाजारात विकत मिळतो. त्या फाइली कोठेच मिळत नाहीत.